वाचलेला पैसा गेला कुठे?



गेल्या काही वर्षांत एक शब्द तुमच्या कानांवर वारंवार येत असेल. ऑनलाइन टेंडर! गटाराचे काम असो, शाळाखोलीची दुरुस्ती असो, नाही तर वाडीवरची पाण्याची टाकी असो. ग्रामसभेत कोणी शंका काढली की उत्तर ठरलेले. "अहो, सगळे ऑनलाइन आहे. आता त्यात कोणाला काही करता येत नाही." आणि शंका काढणारा मुकाट्याने खाली बसतो. त्याच्या या खाली बसण्याविषयी आज आपल्याला बोलायचे आहे.

संगणक आला म्हणजे पैसा वाचला, असे समजू नका. पैसा वाचू शकतो, बराच वाचू शकतो. पण तो वाचवून घ्यावा लागतो आणि वाचल्यावर सांभाळावा लागतो. पंचायतीचा पैसा म्हणजे कोणा परक्याचा नव्हे. तुमची घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाकडून गावाच्या नावाने आलेले अनुदान, हाच तो पैसा. तेव्हा घरातल्या सासू-सुनांनी महिन्याचा बाजार जसा करावा, तसाच या खरेदीचा विचार करू.

आधी जुनी रीत आठवा. निविदेची सूचना अशा वर्तमानपत्रात छापून येई की ते वर्तमानपत्र तालुक्यात कोणाच्या हाती पडत नसे. फॉर्म घ्यायला तालुक्याला किंवा जिल्हा परिषदेत जावे, तर 'फॉर्म संपले' हे उत्तर. चुकून फॉर्म मिळालाच, तर तो पेटीत टाकायच्या दिवशी दाराशी चार धटिंगण उभे. बाहेरगावचा ठेकेदार आल्या पावली परत जायचा. मग उरलेले तिघे आपसात ठरवून भाव भरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शेतकऱ्याला हे लवकर कळते, कारण त्याने बाजार समितीत हेच भोगले आहे. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरत असे, तेव्हा माल कितीला गेला हे मालाच्या धन्यालाच शेवटी कळायचे. उघड लिलाव झाला, बोली लावणारे वाढले, की भाव सुधारतो. निविदेत एवढाच फरक की इथे बोली वर चढत नाही, खाली उतरते. बोली लावणारा एकच असला तर दोन्हीकडे नुकसान, आणि अनेक असून ते एकाच ताटात जेवणारे असले तरीही नुकसानच.

संगणकाने काय केले, तर ते उपरणे काढून घेतले. सूचना संकेतस्थळावर लागते, ती नांदेडच्या माणसाला दिसते आणि रत्नागिरीच्याही. फॉर्म घरबसल्या भरता येतो. भरलेला दर कुलूपबंद राहतो आणि ठरलेल्या वेळी, नेमलेल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या डिजिटल सह्या लावल्यावरच उघडतो. दक्षिण कोरियाने २००२ साली सगळ्या देशाची सरकारी खरेदी अशा एका जागेवर आणली. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्रात आज 'महाटेंडर्स' हे संकेतस्थळ आहे. केंद्र सरकारने ९ ऑगस्ट २०१६ रोजी 'जेम' नावाची सरकारी बाजारपेठ उघडली आणि २४ एप्रिल २०२३ रोजी, पंचायतराज दिनी, ती ग्रामपंचायतींच्या 'ई-ग्रामस्वराज' या हिशेबप्रणालीला जोडली. म्हणजे पंचायतीला खुर्च्या, संगणक, दिवे असा माल तिथून घेता येतो. लहान खरेदी थेट करता येते. त्याहून मोठी असली तर किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून, आणि त्याहूनही मोठी असली तर बोली मागवून.

एवढे झाले म्हणजे भाव पडलेच असतील, असे तुम्ही म्हणाल. इथेच एक मजेची गोष्ट आहे.

रोहिणी पांडे, बेंजामिन ऑल्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि इंडोनेशिया या दोन देशांतील सरकारी बांधकामांचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडची कामे घेतली होती ती प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची, म्हणजे तुमच्या-आमच्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांचीच. ऑनलाइन निविदा आल्यावर सरकारला काम स्वस्त पडले, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण आपल्याकडे रस्त्यांचा दर्जा सुधारला आणि इंडोनेशियात कामांतील दिरंगाई कमी झाली. दोन्हीकडे काम मिळवणारे ठेकेदार पूर्वीपेक्षा जास्त प्रमाणात बाहेरच्या भागातले होते. दाराशी उभे राहणारे धटिंगण बाजूला झाले आणि बाहेरचा बरा कारागीर आत आला, असा त्याचा माझ्या मते अर्थ.

यावरून 'किती टक्के खाली गेले?' एवढ्यावरच खूश होणाऱ्या मंडळींनी थोडे थांबावे. टेंडर अंदाजपत्रकापेक्षा तीस टक्के खाली गेले म्हणून पेढे वाटणारे पुढारी सर्वत्र असतात. तीस टक्के खाली जाऊन ठेकेदार काही धर्मादाय करत नाही. एक तर मुळातले अंदाजपत्रकच फुगवलेले होते, नाही तर तो सिमेंटमध्ये हात आखडणार. फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याची पद्धत आहे ती यासाठीच.

एक उदाहरण मांडू. समजा, तुमच्या गावात ८ लाखांच्या अंदाजपत्रकाची नळपाइपलाइन आहे. टेंडर १२ टक्के खाली गेले. काम ७ लाख ४ हजारांना ठरले, कागदावर ९६ हजार वाचले. चार महिन्यांनी 'जादा बाबी' म्हणून ८० हजारांचे वाढीव काम मंजूर झाले. 'खडक लागला, चर खोल घ्यावा लागला,' असे कारण दिलेले. आता उरले १६ हजार. पाइप हलका निघाला आणि पंधरा वर्षांऐवजी सातव्या वर्षी फुटू लागला, तर ते १६ हजारही गेले आणि वर गावातल्या बायका पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर. खडक खरोखर लागू शकतो, ते नाकारत नाही. पण तो कोणी पाहिला, मोजमाप पुस्तकात कोणत्या तारखेला लिहिला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पाइपचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे जास्त बोलतो, कारण खरी बचत तिथेच आहे. तुम्ही स्वतःच्या शेतात पाइपलाइन टाकता तेव्हा दुकानात जाऊन 'पाइप द्या' एवढेच म्हणत नाही. किती इंची, किती किलोचा, कोणत्या मार्क्याचा, हे सांगता. चार किलोच्या आणि सहा किलोच्या पाइपात काय फरक, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. मग पंचायतीच्या मागणीत नुसते 'पीव्हीसी पाइप' असे लिहिलेले कसे चालते? पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपसाठी भारतीय मानक ४९८५ आहे, काळ्या एचडीपीई पाइपसाठी ४९८४ आहे. मानक क्रमांक, व्यास, दाब सोसण्याची ताकद हे मागणीतच लिहिले, तर कमी दर भरणाऱ्याला तोच माल द्यावा लागतो. नाही लिहिले, तर सर्वांत हलका माल सर्वांत कमी दरात बसतो आणि नियमाने काम त्यालाच द्यावे लागते. यात संगणकाचा काय दोष? त्याला दर कळतो, पाइप कळत नाही.

याच्या उलटही एक चलाखी असते, बरे का. मागणी इतकी बारीक लिहायची की ती एकाच कंपनीच्या मालाला जुळावी. किंवा अट घालायची की ठेकेदाराने अगदी असेच काम, याच जिल्ह्यात, इतक्या वर्षांत केलेले असावे. अशी अट दिसली की समजावे, पोशाख आधी शिवला आहे आणि मग नवरदेव शोधायला निघाले आहेत.

दुसरी बचत एकत्र खरेदीची. लग्नाचा बस्ता बांधायला आपण दोन्ही घरची माणसे मिळून एकाच दुकानात का जातो? सुटे पातळ घेतले तर दुकानदार भाव सोडत नाही. चाळीस पातळे घेतली की चहाही पाजतो आणि भावही उतरवतो. केंद्र सरकारच्या 'एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस' या कंपनीने एलईडी बल्बांची अशीच घाऊक खरेदी केली. २०१४ साली ज्या बल्बला ३१० रुपये पडत होते, तो तीनेक वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरला. त्याच काळात जगभर एलईडी स्वस्त होत होते, हेही खरे, त्यामुळे सगळे श्रेय खरेदीला देणे बरोबर नव्हे. पण कोट्यवधी बल्बांची मागणी एकत्र करून पुन्हा पुन्हा बोली मागवल्यामुळे भाव झपाट्याने खाली आला, यात शंका नाही. आता आपल्याकडे पाहा. शेजारशेजारच्या दहा ग्रामपंचायती पथदिवे घेतात, प्रत्येकजण वेगळे, आणि बहुधा एकाच तालुक्याच्या दुकानातून. पंचायत समितीच्या पातळीवर या दहा जणांची मागणी एकत्र करता आली, तर तो भाव राहील का?

मागणी एकत्र करण्याऐवजी होते काय, तर उलट तुकडे पडतात. ठरावीक रकमेवरच्या कामाला ई-निविदा सक्तीची असते. ही मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू आकडा ग्रामसेवकाला विचारावा (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). एकच रस्ता, पण 'मारुती मंदिर ते अमक्याचे घर' हे एक काम, 'अमक्याचे घर ते शाळा' हे दुसरे, 'शाळा ते ओढा' तिसरे. प्रत्येक काम मर्यादेच्या जरासे खाली. मर्यादा चुकवण्यासाठी असे तुकडे करायला नियमाने बंदी आहे. हे ओळखायला संगणक लागत नाही. तिन्ही ठरावांच्या तारखा आणि ठेकेदाराचे नाव शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे झाले. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी कामांचा वाटा राखलेला असतो, तो भाग वेगळा. त्याला माझा आक्षेप नाही. गावच्या पोरांना काम मिळावेच.

तिसरी गोष्ट पैसे वेळेवर देण्याची. कृषी सेवा केंद्रात रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हे तुम्हाला शिकवायला नको. जी पंचायत बिल वर्षवर्ष लटकवते, तिला प्रत्येकजण उधारीचाच भाव भरतो. त्यातही सचोटीचा, लहान भांडवलाचा माणूस अशा पंचायतीच्या वाटेलाच जात नाही. उरतात ते फक्त टक्केवारी देऊन बिल काढून घेणारे. वेळेवर बिल काढणारी पंचायत न मागता स्वस्तात काम करून घेते.

आता त्या 'ऑनलाइनमध्ये काही करता येत नाही' या वाक्याकडे वळू. पुणे महानगरपालिकेने घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी ऑनलाइन निविदा मागवल्या होत्या. पुण्याच्या 'नागरिक चेतना मंच' या संस्थेने तक्रार केली आणि भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ साली निकाल देऊन काही कंपन्यांना दंड केला. बोली लावणारे दिसायला वेगवेगळे, पण आतून ठरवून दर भरलेले. निविदा एकाच इंटरनेट पत्त्यावरून भरल्या गेल्या, हाही त्यातला एक पुरावा होता. पूर्वीची बैठक धाब्यावर होई, तिचा मागमूस राहत नसे. संगणकावरची बैठक मात्र पाऊलखुणा ठेवून गेली. मध्य प्रदेशात तर २०१८ साली जलनिगमच्या ग्रामीण पाणीयोजनांच्या तीन निविदांत भरलेले दरच आतून बदलल्याचा संशय आला. निविदा रद्द झाल्या आणि २०१९ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. तेव्हा कुलूप चांगले आहे, पण किल्ली कोणाकडे, हा प्रश्न राहतोच.

किल्लीवरून आठवले. सरपंचांची आणि ग्रामसेवकाची डिजिटल सही एका बोटभर यंत्रात असते, त्याला डोंगल म्हणतात. ते डोंगल आणि त्याचा पासवर्ड पुष्कळ गावांत केंद्रचालकाच्या टेबलाच्या खणात पडलेला असतो. 'कुठे रोज रोज यायचे?' म्हणून. हे म्हणजे कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक दुसऱ्याच्या हाती देणे झाले. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत, ही अभिमानाची गोष्ट. पण सरपंचबाईंचे डोंगल जर पतिराजांच्या खिशात असेल, तर त्या खुर्चीचा उपयोग काय? ताई, हे तुम्हालाच उद्देशून लिहितो आहे. मंगळसूत्र जसे दुसऱ्याकडे ठेवायला देत नाही, तसे ते डोंगल देऊ नका. बिल पाहून, मोजमाप वाचून, मगच स्वतःच्या हाताने लावा. पुढे चौकशी लागली तर सही तुमची निघते, पतिराजांची नव्हे.

आणि मुख्य प्रश्न राहिला. समजा सगळे नीट झाले, खरोखरच ९६ हजार वाचले. ते गेले कुठे? बहुतेक गावांत हा प्रश्न कोणी विचारत नाही. काम झाले, फलक लागला, नारळ फुटला, संपले. वाचलेली रक्कम अनुदानाच्या खात्यात पडून राहते किंवा मार्चअखेरीला घाईघाईने कशावर तरी उडवली जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. अशा बांधलेल्या पैशातली बचत मंदिराच्या सभामंडपाकडे वळवता येत नाही, पण अर्धवट राहिलेल्या वस्तीच्या नळाकडे वळवता येते. त्यासाठी ती बचत ठरावात आकड्यानिशी लिहिली गेली पाहिजे. 'अमुक कामात इतके वाचले, ते तमुक कामाला वापरावेत.' असा ठराव होईपर्यंत बचत झाली असे मी तरी मानत नाही. घरातही तसेच असते. साखर स्वस्त मिळाली म्हणून वाचलेले वीस रुपये डब्यात टाकले तर वाचले. नाही तर कोपऱ्यावरच्या भज्यांत गेले.

विकणाऱ्याच्या बाजूनेही दोन शब्द. ही बाजारपेठ केवळ मोठ्या कंपन्यांची नाही. 'जेम'वर महिला बचत गटांच्या मालासाठी वेगळी दालने आहेत. गटातल्या भगिनी गणवेश, पिशव्या, सतरंज्या करत असतील, तर आपल्याच शाळेची किंवा कचेरीची मागणी तिथे लागलेली असू शकते. नोंदणीला कागदपत्रे लागतात, थोडी दमछाक होते. घरात शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल त्याला बसवा. मात्र पहिल्याच वेळी ऐपतीपेक्षा मोठी मागणी अंगावर घेऊ नका; वेळेत माल गेला नाही तर दंड होतो आणि नावही खराब होते.

आता करायचे काय ते सांगतो. मुलाच्या मोबाइलवर 'महाटेंडर्स' उघडा. चालू निविदा आणि निकाल पाहायला नोंदणी लागत नाही. किती जणांनी भरले, कोणाला काम मिळाले, ते दिसते. 'ई-ग्रामस्वराज'वर गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. मग ग्रामसभेला जा. वर्षातून किमान चार तरी व्हायच्याच असतात. तिथे आरडाओरडा नको. एकाच कामाचे चार कागद मागा: अंदाजपत्रक, बोलीदारांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तकाची प्रत. ठेकेदाराने काम किती वर्षे सांभाळायचे, हे कार्यादेशात लिहिलेले असते. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना ही मुदत पाच वर्षांची आहे. मुदत संपण्याआधीच्या पावसाळ्यात खड्डे मोजून लेखी कळवा, म्हणजे दुरुस्ती त्याच्या खर्चाने होते.

काँक्रीटचा रस्ता दारावरून जात असेल, तर घरातल्या बायकांनी आणखी एक पाहावे. त्यावर रोज पाणी पडते की नाही? किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट वापरले असेल तर दहा दिवस तो ओला राहिला पाहिजे. चौथ्या दिवशीच पाणी बंद झाले, तर तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा.

कागद ग्रामसभेत मिळाले नाहीत, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. फी दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला अर्जाची फी माफ. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पाऊल टाकू नका.